न धुतलेला डगला

बाबांच्या उशाशी ठेवलेल्या मातीच्या वाटीतलं पाणी थरथरलं. अगदी किंचित. मधोमध एक बारीक वलय उठलं, कडेला जाऊन विरलं, आणि ते विरायच्या आत दुसरं उठलं. मी पलंगाच्या कडेवर बसून बाबांच्या सदऱ्यांच्या घड्या मोडत होते, कारण गेलेल्या माणसाचे कपडे धुवायला नेताना घडी घालून नेत नाहीत असं आमच्या घरच्या जुन्या मोलकरणीचं, तोमासाचं, म्हणणं होतं. खोलीत वारा नव्हता. बाबा गेले त्या दुपारपासून रस्त्याकडच्या खिडक्या बंद होत्या, आरसा भिंतीकडे तोंड करून उभा होता, गादी गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली होती. हलण्यासारखं काही नव्हतं आणि पाणी हलत होतं. वाटी तोमासाने ठेवलेली. गेलेला माणूस पहिले काही दिवस घरात येऊन पाणी पिऊन जातो, पुढची वाट लांबची असते, घसा कोरडा पडतो. रोज सकाळी पाणी थोडं खाली गेलेलं असायचं आणि रोज सकाळी तोमासा वाटीकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. मीही बोलायची नाही. आमचं कीतो गाव उंच डोंगरात, हवा विरळ, त्यात बंद खोलीत शेगडी पेटती, उघड्या भांड्यातलं पाणी उडणारच, हे मला बाबांनीच लहानपणी शिकवलं होतं. बाबा जमिनी मोजायचे आणि मुलांना गणित शिकवायचे. त्यांच्या घरात मेलेल्या माणसांना तहान लागत नसे.

"आले," तोमासा दारातून हळूच म्हणाली. तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. मी काही बोलणार तेवढ्यात खिडकीची काच वाजली, मग फडताळातल्या पेल्यांनी एकमेकांना हात लावल्यासारखा आवाज केला, आणि त्यानंतर, कितीतरी उशिरा वाटावा इतक्या वेळाने, तो आवाज आला. जड, बसका. एखादं भलंमोठं दार कुणीतरी दुसऱ्या घरात लोटून दिल्यासारखा. तोमासाचा हात खांद्यावरच राहिला. मला वाईट वाटलं ते याचं, की त्या दोन-तीन क्षणांत मीसुद्धा वाटीकडे बघून 'या' म्हणायच्या बेतात होते.

समोरच्या गच्चीवरून डोन्या पेत्रोनाची हाक आली. तिचा आवाज असा की खिडकी बंद असली काय नि उघडी असली काय. "लेओकादिया! अगं ए, सुतकात असलीस तरी कान उघडे आहेत ना? डोंगरावर चाललंय सगळं, डोंगरावर! आख्खं गाव कौलांवर चढलंय. चर्चच्या मनोऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही!" खालून तिच्या नवऱ्याने, मेणबत्त्यांच्या दुकानातून, विचारलं, "कोण जिंकतंय?" "ढग जिंकतायत!" पेत्रोना ओरडली. "काही दिसेल तर शपथ. तू दोन्ही झेंडे काढून ठेव आणि गप बस." मला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि ते हसू तोंडात कडवट होऊन थांबलं, कारण तिचा तो शब्द आता कुठे माझ्या डोक्यात शिरत होता. डोंगरावर.

डोंगरावर कसं असेल? गेले कित्येक दिवस सगळा गाव दक्षिणेकडे डोळे लावून बसला होता. राजाविरुद्ध उठलेली, समुद्राकडून निघालेली फौज येणार ती खालच्या कुरणांकडून येणार, राजाचे शिपाई तिकडेच तोंड करून बसले होते, तोफांची तोंडंही तिकडेच. पश्चिमेला पिचिंचा डोंगर होता, म्हणजे त्या बाजूला बघायचं कारण नव्हतं. आमच्या गावात डोंगराकडे बघतात ते कपडे वाळत घालावे की नाही हे ठरवायला. बाबा तर आजारातसुद्धा, उशांना टेकून बसलेले, दोन शब्दांमध्ये श्वास गोळा करत म्हणाले होते, "मागची काळजी नको. तिथे कुणी भांडायला जाणार नाही. भांडायला श्वास लागतो." त्यांचं ते वाक्य जुनं होतं. तरुणपणी परदेशी विद्वानांची हवा मोजायची काचेची नळकांडी पाठीला बांधून ते पिचिंच्यावर चढले होते आणि त्या विद्वानांना चार पावलांवर बसून ओकताना त्यांनी पाहिलं होतं. वर माणसाला एकच काम जमतं, ते म्हणायचे, पुढचा श्वास घेणं. हे ते गंमत म्हणून सांगायचे, ज्या काळात ते गंमत करत असत.

तोमासाने गाठोडं बांधलं. सदरे, विजारी, रात्रीची टोपी, लोकरी मोजे. आणि सगळ्यांत शेवटी, पलंगाखालच्या पेटीतून, तिने डगला काढला. काळा, जाड लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा. मी उभी राहिले. "तो राहू दे." "तो कसा राहू दे?" ती म्हणाली. "आजचा दिवस गेला की मग धुऊन काही उपयोग नाही. पाचव्या दिवशी वाहत्या पाण्यात कपडे सोडवावे लागतात, नाहीतर माणूस त्यातच बसून राहतो. बारा वर्षं मी याच्यावर डोळा ठेवून आहे. जिवंत होते तोवर हात लावू दिला नाही, आता तरी." "तोमासा, वर तोफा चालल्यात." "वर चालल्यात. मी खाली धुणार आहे." तिने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघालीसुद्धा. मी त्या बंद खोलीत वाटीबरोबर एकटी राहू शकले असते, माझ्याजवळ पुस्तकं होती, बाबांनी फ्रेंच शिकवलेलं होतं, जगातली पुष्कळ शहाणी माणसं मृत्यूविषयी काय म्हणतात ते मला पाठ होतं. मी डोक्यावरून काळं वस्त्र ओढलं आणि तिच्यामागे धावले.

रस्ता रिकामा होता आणि आकाशात माणसं होती. तसंच दिसत होतं ते. सगळ्या कौलांवर, कठड्यांवर, घंटांच्या कमानींतून माणसं, सगळी एकाच दिशेला तोंड करून, आणि कुणी बोलत नव्हतं. सुतकातल्या बाईने तोंड वर करून चालायचं नसतं, तरी मी पाहिलं. डोंगर नव्हताच. त्याच्या जागी राखाडी पांढरं काहीतरी लोंबत होतं आणि त्याच्या आतून आवाज येत होता. तोफेचा आता नाही. वाळलेल्या शेंगा कुणीतरी मूठमूठ फोडत असावं तसा, थांबून थांबून, कधी डावीकडून, कधी खूप वरून. इतक्या वरून की मान मागे टाकावी लागे. सान रोकेच्या चढावर पोचलो तर चिखलात असंख्य पावलांचे ठसे होते, सकाळी राजाचे शिपाई इथूनच वर धावत गेले असणार. ठशांमध्ये पाणी साचून प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा होता. मला दम लागला. या गावात जन्मलेल्या मलाही त्या चढावर दम लागतो, आणि दम लागला की गेल्या आठवड्यापासून मला बाबांच्या छातीचा आवाज ऐकू येतो, आत कुठेतरी लाकडात करवत अडकून बसल्यासारखा. शेवटच्या दिवशी ते श्वास घ्यायचे आणि तो बाहेर यायला विसरायचा. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून वाट बघायची. मग तो यायचा. एकदा तो आला नाही आणि मी बराच वेळ हात तसाच ठेवून बसले होते.

घळीत उतरल्यावर वारा तुटला. पाणी पिचिंच्यावरून येतं ते तिथे दगडांवर पसरतं, गावातल्या बायका एरवी रांगेने बसलेल्या असतात. आज कुणी नव्हतं. तोमासाने घायपाताची पानं दगडाने ठेचली, फेस काढला. मला तिने एका खडकावर बसवलं. रक्ताच्या माणसाने धुण्याला हात लावायचा नाही, तिच्या गावची रीत, त्याने फक्त पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून बसायचं, म्हणजे निघणाऱ्याला आपल्या माणसाचा चेहरा दिसत नाही आणि त्याचा पाय अडत नाही. मला ती रीत क्रूर वाटली आणि सुंदरही वाटली. मी पाठ वळवून बसले. म्हणजे डोंगराकडे तोंड करून. बारा वर्षांत आमच्या घरातलं कुणी इतका वेळ त्याच्याकडे तोंड करून बसलं नव्हतं.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाबांनी मला आणि माझ्या भावाला, हासिंतोला, वर नेलं होतं, डोंगराच्या खांद्यापर्यंत. हासिंतो माझ्याहून मोठा, त्याला सगळ्यांच्या पुढे असायचं असे. तो धावला, आणि थोड्याच वेळात वाटेवर आडवा पडून माशासारखी तोंडाची उघडझाप करायला लागला. बाबा रागावले नाहीत. त्याच्या शेजारी गवतात बसले. मग त्यांनी आम्हाला चालायला शिकवलं. चालायला येत असलेल्या मुलांना. "तोंड मिटायचं. नाकाने घ्यायचं. श्वास पुरा आत गेला, पुरा बाहेर आला, की मग पाऊल. घाई नाही. मोजू नका. मोजणारा दमतो." जन्मभर मोजणी करणारा माणूस हे सांगत होता. आम्ही तसे चाललो. ते चालणं लांबून बघणाऱ्याला विचित्र दिसलं असतं, दर पावलाला माणूस थांबतो, विचार करतो आणि मग जणू मनाविरुद्ध पुढे जातो. पण आम्ही पोचलो. वर बसून आम्ही भाजलेला मका आणि चीज खाल्लं. खाली चर्चचे घुमट उपड्या वाट्यांसारखे दिसत होते आणि हासिंतो म्हणाला, "बाबा, इथून एक धोंडा सोडला तर थेट राजवाड्यावर जाईल." बाबा म्हणाले, "धोंडा जाईल. तो इथवर आणणारा माणूस मेलेला असेल." आणि दोघं हसले. खांद्यावरचा तो सपाट भाग, तिथलं पिवळं गवत, हासिंतोच्या ओठांना चिकटलेलं मक्याचं साल. आता तिथेच चाललं होतं. तिथेच असणार, दुसरी उभं राहण्यासारखी जागा नाही.

बारा वर्षांपूर्वीची ऑगस्टातली ती दुपार मात्र मला क्रमाने आठवत नाही. बंड केलं म्हणून तुरुंगात ठेवलेल्या आपल्या लोकांना राजाच्या शिपायांनी आतल्या आत कापून काढलं आणि मग ते रस्त्यांवर उतरले, जो दिसेल त्याच्यावर. हासिंतो न्हाव्याकडे बसला होता. आवाज ऐकून उठून धावला. बाबांनी त्याला घरी आणला तेव्हा त्याचा एक गाल तासलेला होता आणि दुसऱ्या गालावर साबण वाळला होता. माझ्या लक्षात आधी तेच आलं. मग लक्षात आलं की तो बाबांच्या डगल्यात गुंडाळलेला आहे. हासिंतोचे स्वतःचे कपडे तोमासाने पाचव्या दिवशी इथेच धुतले. डगल्याला बाबांनी पाणी लागू दिलं नाही. ते तो वापरत राहिले, दर गारठ्यात, अस्तर आतल्या बाजूला कडक झालेलं, आणि आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही. त्यानंतर त्यांनी डोंगराकडच्या खोलीतलं टेबल उचलून रस्त्याकडे आणलं. उत्तरेकडून बातम्या यायच्या, अमुक गाव राजाच्या हातून सुटलं, तमुक प्रांत सुटला, पेत्रोना धापा टाकत सांगायला यायची, आणि बाबा चष्मा पुसत म्हणायचे, "तो खालच्या गरम मुलखातला प्रकार आहे. तिकडे हवा दाट असते, माणसांना ओरडता येतं. इथे नाही जमायचं." पेत्रोना मला जिन्यात म्हणायची, "तुझ्या बापाला कुणी सांगा, राजालासुद्धा इतका विश्वास नसेल राजावर." तिला कळत नव्हतं. बाबांना राजाविषयी काही वाटत नव्हतं. त्यांना फक्त पुन्हा वाट बघायची नव्हती.

पाण्यातून काहीतरी आलं आणि माझ्या चपलेला अडकलं. कागदाचा चुरगळलेला तुकडा, एका बाजूने काळा. त्यामागून दुसरा. मग पाच-सहा एकदम, भिजून पाकळ्यांसारखे उलगडलेले. मी एक उचलला. कडेला दातांच्या खुणा होत्या. बार भरताना शिपाई दारूची कागदी पुडी दाताने तोडतात आणि थुंकतात, हे मला ठाऊक होतं, पण वाचून ठाऊक असणं आणि एखाद्या माणसाच्या समोरच्या दोन दातांमधली फट बोटांत धरून बसणं, यात फरक आहे. या दातांमागे श्वास होता. ज्या हवेत परदेशी विद्वान ओकत होते त्या हवेत हा माणूस पुडी तोडत होता, बार ठासत होता, गुडघ्यावर बसत होता, उठत होता. आणि त्याच्यासारखे शेकडो. रात्रभर चिखलातून चढून आलेले. माझ्या अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. चर्चमध्ये घंटेच्या वेळी गुडघे आपोआप वाकतात तसं काहीतरी माझ्या आत वाकलं. मला बाबांना हाक मारायची होती. चुकलात म्हणून नव्हे. बघा म्हणून.

मागे तोमासा बाबांशी बोलत धुत होती. "हा घ्या तुमचा शाळेचा सदरा, कोपर बघा काय केलंय. ही टोपी. चला आता, मोकळे व्हा." तेवढ्यात वरच्या अंगाला दगड घरंगळले आणि घळीच्या वळणावरून एक बाई बसत, घसरत खाली आली. अंगावर पातळ सुती घागरा नि चोळी, डोक्यावर पुरुषाची टोपी, पाय अनवाणी, गळ्यात दोरीने बांधलेली चार भोपळ्याची भांडी एकमेकांवर आपटत होती. पाण्याशी आली आणि गुडघ्यांवर कोसळली. प्यायली नाही. नुसती हातांवर टेकून राहिली. आणि मला तो आवाज ऐकू आला. लाकडात अडकलेली करवत.

मी नकळत पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. ओल्या कापडाखाली बर्फासारखी पाठ. थोड्या वेळाने तिने मान वळवली. तिशीची असेल, ओठ निळसर. "बायांनो," ती म्हणाली, "तुमच्या गावात हवा कुठल्या दुकानात मिळते?"

बोलताना ती शब्दांची शेपटं गिळत होती, म्हणजे समुद्राकडची. ग्वायाकिलकडची. तोमासा हातात सदरा धरून उभी राहिली. "कोण गं तू? कुणाच्या बाजूची?"

"माझ्या नवऱ्याच्या."

"आणि तो कुणाच्या?"

"या घटकेला? जमिनीच्या. आडवा पडलाय." तिने एक भांडं पाण्यात बुडवलं, बुडबुडे निघेपर्यंत धरून ठेवलं. "गोळी नाही, बिळी नाही. नुसता श्वास पुरत नाही मेल्याला. पहाटेपर्यंत मला म्हणत होता, निकोलासा तू मागे रहा, बायकांचं काम नाही. आणि आता मासा झालाय. नदीवरचा तराफेवाला आहे तो, बाई. आमच्याकडे नदी बघायला खाली वाकावं लागतं. तुमची नदी डोक्यावर." तिने दुसरं भांडं भरलं. अर्धं पाणी सांडलं. "पाणी पाणी करतायत सगळे. दारूगोळा मागे राहिलाय, पाणी नाही, ढगात कोण आपला नि कोण त्यांचा कळत नाही. तरी उठतायत. पडतायत नि उठतायत. मी असं कधी बघितलं नाही. देवाशप्पथ, माझ्या नवऱ्याचं कौतुक नाही सांगत, तो तर पडलाय."

ती उठली आणि पुन्हा बसली. हसली. "जरा थांबते. चढ पळून जात नाही ना?"

मी मागे पाहिलं. गाठोडं रिकामं झालं होतं. धुतलेले सदरे खडकांवर हात पसरून पडले होते. तोमासाच्या हातात आता डगला होता, त्याची एक बाही पाण्याला टेकत होती. "थांब," मी म्हणाले. ती समजली. माझ्या आधी समजली. तिने डगला छातीशी धरला.

"पोरी, नाही. न धुतलेला कुणाच्या अंगावर घालायचा नसतो. जो घालेल त्याच्याबरोबर जातात ते."

"जाऊ देत."

"यात दोघं आहेत," तोमासा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एकटे तुझे बाबा नाहीत. बारा वर्षं मी वाट बघतेय त्या पोराला सोडवायची. त्याला मी भरवलंय. आणि तू एका वाटेवरच्या बाईच्या अंगावर..."

मला तिला समजावता आलं असतं असं वाटत नाही. मी काही ठरवलंही नव्हतं. माझ्या तळहाताला ती बर्फाची पाठ अजून लागत होती आणि दुसऱ्यांदा नुसता हात ठेवून वाट बघत बसणं माझ्याच्याने होणार नव्हतं, एवढंच. मी डगल्याला हात घातला. तोमासाने सोडला नाही. आम्ही दोघी तो धरून उभ्या राहिलो, कपडा पिळताना बायका दोन टोकांना उभ्या राहतात तशा. मग तिने तोंड वळवलं आणि बोटं सैल केली.

निकोलासाला तो घोट्यांपर्यंत आला. तिने बाह्या दुमडल्या, कॉलरमध्ये नाक खुपसलं. आत काही कडक लागलं असणार, तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "कुणाचा आहे?"

"माझ्या वडिलांचा."

"त्यांना थंडी वाजेल."

"नाही वाजणार."

तिने माझ्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं, तोमासाकडे पाहिलं, खडकांवरच्या सदऱ्यांकडे पाहिलं. तिचा हात डगल्याच्या गुंडीवर थांबला. काढते की काय असं मला वाटलं. तिने गुंडी लावली. "नवऱ्याला वर पांघरायला देईन आधी," ती हळू आवाजात म्हणाली. "चालेल ना त्यांना?"

"निकोलासा, ऐक," मी म्हणाले. "धावत जाऊ नकोस. तोंड मिटून चाल. नाकाने घे. श्वास पुरा आत जाऊ दे, पुरा बाहेर येऊ दे, आणि मगच पाऊल टाक. मोजू नकोस."

"तोंड मिटून? मी?" ती म्हणाली. "नवरा बघेल तर मेला असला तरी उठून बसेल."

"त्यालाही असंच शिकव."

तिने भांडी गळ्यात अडकवली. दोन पावलं घाईने टाकली, थांबली, तोंड मिटलं. मग धुक्याने तिला टोपीसकट आत घेतलं. भोपळ्यांचा पोकळ आवाज थोडा वेळ येत राहिला.

तोमासा माझ्यापासून बाजूला सरकली. रिकाम्या हातांनी पाण्यात बघत बसली. मी पुन्हा खडकावर, पुन्हा तोंड वरती. गोळ्यांचा आवाज वाढला होता, आता शेंगा नव्हत्या, कापड फाटत जावं तसा सलग, आणि वाऱ्याबरोबर बंदुकीच्या दारूचा वास खाली उतरला. मला माहीत नव्हतं की मी काय केलं. मी बाबांना सोडवलं नव्हतं. हासिंतोलाही नाही. जे दोघं निघून जायला हवे होते त्यांना मी जिथे सगळी माणसं मरत होती तिथे पाठवलं होतं, आणि एकाने तर बारा वर्षं तिकडे पाहायचंच नाकारलं होतं. ते मला काय म्हणाले असते? मी त्यांचा चेहरा आठवायला लागले आणि चेहऱ्याच्या ऐवजी मला त्यांची पाठ आठवली, चढावर माझ्या पुढे असलेली, काळी, रुंद, थांबणारी, आणि मग जणू मनाविरुद्ध पुढे सरकणारी.

आणि धुकं फाटलं.

कितीतरी लोकांनी नंतर मला सांगितलं की त्यांनीही ते पाहिलं. गावावरून एक आवाज उठला, हजारो माणसांनी एकाच वेळी श्वास आत घेतल्याचा. डोंगर तिथे होता. इतका जवळ की मी मागे सरकले. वर, पार वर, जिथे आम्ही मका खाल्ला होता त्या पिवळ्या उतारावर, माणसं होती. उभी होती. एक ओळ, तुटलेली, वाकडी, आणि तिच्यासमोर दुसरी, आणि दोघींमध्ये पांढरे धुराचे गोळे फुटत होते जे ऐकू यायला वेळ लागत होता, म्हणून ते सगळं आधी निःशब्द घडत होतं. माणसं पडत होती आणि उठत होती. काही उठत नव्हती. सूर्य नव्हता, तरी गवत आतून उजेड असल्यासारखं दिसत होतं. इतक्या उंचीवर, इतक्या थोड्या हवेत, माणूस एवढंच जमवू शकतो असं मला शिकवलं गेलं होतं की पुढचा श्वास घ्यावा. आणि हे लोक तोच घेत होते, एका श्वासापुढे दुसरा, आणि त्यातूनच ते सगळं होत होतं. मला रडू येत नव्हतं. मी तोंड मिटून घेतलं होतं. आणि त्या ओळीच्या खूप खाली, निवडुंगाच्या शेवटच्या झुडपांच्या वर, उघड्या उतारावर मला एक काळा ठिपका दिसला. एकटाच. तो हलत नव्हता. मग हलला. थांबला. मग हलला. धावत नव्हता, वाकत नव्हता. प्रत्येक पावलाआधी उभा राहत होता, पुरता, शांत, जणू त्या सगळ्या डोंगरावर त्याला एकच काम आहे.

"तोमासा," मी म्हणाले. ती उठून आली. रीत मोडून ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून तिने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ते तसेच चालायचे," ती म्हणाली.

धुकं परत जुळलं. त्यानंतर आवाज किती वेळ चालला ते मला सांगता येणार नाही. आम्ही ओले सदरे गोळा केले. कधीतरी लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाही. पाण्याचा आवाज तेवढा होता. आणि मग गावाकडून, कौलांवरून, ओरडा उठला. आधी एकीकडून, मग सगळीकडून, घंटा सुरू झाल्या, एकीला दुसरीचा ताल नाही. विरळ हवेतल्या माणसांचा ओरडा. ओरडता येत होतं. घराशी आलो तेव्हा पेत्रोना रस्त्याच्या मधोमध नवऱ्याच्या गळ्यात पडून रडत होती आणि तो म्हणत होता, "अगं पण कुठला झेंडा? सांगशील तर लावतो." मला पाहून तिने डोळे पुसले. "तुझा बाप हवा होता गं आज," ती म्हणाली. "चार दिवस. चार दिवस काढायला काय झालं होतं त्याला?" मी तिच्या हातात हात दिला आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी फौज गावात उतरली. सुतकातल्या बाईने सज्जात उभं राहायचं नसतं. मी उभी राहिले. ते लोक फार लहान होते, चिखलाने एकाच रंगाचे झालेले, लोक फुलं टाकत होते आणि ते त्या फुलांवरून जपून पावलं टाकत होते. सगळ्यांत मागून बाया आल्या, भांडीकुंडी, कोंबड्या, झोळीतली मुलं. टोप्या पुष्कळ होत्या. काळा डगला मला दिसला नाही. सगळे उतरले नव्हते, जखमी अजून वर होते, कित्येकांना वरच पुरलं होतं. मी शेवटच्या माणसामागचा रस्ता रिकामा होईपर्यंत उभी राहिले.

पण त्याआधी, त्या सकाळी, फौज यायच्याही आधी, तोमासाने मला हाक मारली होती. ती बाबांच्या खोलीत उभी होती. दोरीवर धुतलेले सदरे होते. उशाशी वाटी होती. आदल्या संध्याकाळी तिने ती काठोकाठ भरली होती, कपडे पुरते सुटले नाहीत तेव्हा त्यांना यावंच लागेल म्हणून, रागाने, थोडी जास्तच. पाणी तसंच होतं. काठाला टेकलेलं, मधे किंचित फुगीर, एक थेंब कमी नाही. रात्री शेगडी पेटवायची आम्ही विसरलो होतो, खोली गार आणि दमट होती, बाहेर धुकं होतं. अशा वेळी उघड्या भांड्यातलं पाणी उडत नाही. हे मला माहीत आहे.

तोमासा माझ्याकडे बघत होती. या वेळी तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

"गेले," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग तिने पलीकडच्या खोलीत जाऊन डोंगराकडची खिडकी उघडली, आणि आम्ही दोघी तिथे तोंड मिटून उभ्या राहिलो.